चटणी संपली, पण मजुरी कुठं गेली?

आज गोष्ट सांगते ती आमच्याच गटाची. गेल्या वर्षी जत्रेत आम्ही शेंगाची चटणी विकायला ठेवली. दहा किलो चटणी, पाव-पाव किलोची 40 पाकिटं, एक पाकीट 55 रुपयांना. दुपारच्या आत टोपली रिकामी झाली आणि पेटीत 2200 रुपये जमले. सामानाला 1700 लागले होते, म्हणजे 500 रुपये सुटले असं म्हणत आम्ही आनंदात घरी आलो.

रात्री हिशेब लिहिणाऱ्या ताई वही घेऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "गॅस कुणाचा? पाकिटं आणि लेबलं फुकट आली का? जाण्यायेण्याचं भाडं?" मग एकेक आकडा लिहिला. दहा किलो शेंगदाणे 140 च्या भावानं 1400. भाजून, सोलून, खराब दाणे काढून त्याचे नऊ किलोच उरले होते. तिखट 150, लसूण 100, जिरं-मीठ 50. हे झाले 1700. त्यावर गॅस 100, पाकिटं-लेबलं 160, भाडं 120. एकूण 2080 रुपये. म्हणजे उरले 120. आम्ही तिघींनी अर्धा दिवस भाजणं, कुटणं, भरणं केलं. एकीच्या वाट्याला 40 रुपये! तेवढा वेळ खुरपायला गेलो असतो तर जास्त मिळाले असते.

चटणी चांगली होती, गिऱ्हाईकही होतं. चुकलं ते एवढंच की आपल्या कष्टाला आपणच किंमत धरली नाही. घरचं काम म्हणून आपण ते मोजत नाही, आणि विकायच्या मालातही तीच सवय लागते. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. सामान, इंधन, पाकीट, भाडं आणि मजुरी या पाचही गोष्टी लिहिल्याशिवाय दर सांगायचा नाही.

आमचा हिशेब पुन्हा मांडू. तिघींची अर्ध्या दिवसाची मजुरी 150 प्रमाणे 450. एकूण 2530. भागिले 40 पाकिटं, म्हणजे एक पाकीट साधारण 63 रुपयांना पडतं. 55 ला विकलं, म्हणजे दर पाकिटामागं आठ रुपये आपल्याच मजुरीतून गिऱ्हाइकाला दिले.

आता दुकानाचं बघू. दुकानदार आपला वाटा धरणारच. समजा तो छापील किमतीच्या शंभरात 20 घेतो. पाकिटावर 90 छापले तर त्याचे 18, आपल्या हाती 72. त्यातून 63 गेले की नऊ रुपये उरतात. त्यातच एखादं फुटलेलं पाकीट आणि पुढच्या मालाचं भांडवल भागवायचं. आणि एक सांगते, दुकानात 90 आणि बाजारात आपणच 70 ला, असं करू नका. दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही. सुरुवातीला दोन-तीन दुकानांत थोडाच माल द्या आणि पहिल्याचे पैसे आल्यावरच दुसरा द्या. उधारीनं गट बसतो.

एवढी किंमत देऊन लोक घेतील का? घेतील, पण दर वेळी तीच चव मिळाली तर. मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी! माल खंडू दिला नाही. सुरुवातीला चांगला आणि हलका असे दोन प्रकारचे पापड करत, पण हलका बंद करून एकच चांगला प्रत ठेवली. 'आज मूठभर तिखट, उद्या दोन मुठी' हे घरात चालतं, बाजारात नाही. म्हणून सगळं वजन करून घ्या आणि प्रमाण भिंतीवर लिहून लावा. ज्या काट्यावर विक्रीचा माल मोजता, त्याला वैधमापन विभागाचा शिक्का हवा.

चटणीचा वैरी म्हणजे ओलावा. गरम चटणी पाकिटात भरली की आत वाफ धरते आणि बुरशी येते. पूर्ण गार करूनच भरा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून फेकून द्या, ते भाजूनही निर्धोक होत नाहीत. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून घरात ठेवा आणि आठवड्याला बघा. खवट वास कधी येतो ते कळलं की त्याच्या बरंच आधीची तारीख पाकिटावर छापा.

आता कागदपत्रं. घाबरू नका. वर्षाची उलाढाल लहान असेल तर अन्न सुरक्षेचा मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. कुणी हजारो मागितले तर आधी विचारा, कशाचे? नोंदणीनंतर 14 आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. त्यासोबत पदार्थाचं नाव, जास्त ते कमी या क्रमानं घटक, वजन, किंमत, बनवल्याची आणि टिकण्याची तारीख, घाण्याचा क्रमांक, गटाचा पत्ता-फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. शेंगदाणे काहींना सोसत नाहीत, म्हणून 'यात शेंगदाणे आहेत' हेही ठळक लिहा. हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी जरूर घाला, पण नुसत्या मराठीवर भागत नाही.

विकायचं कुठं? आधी जवळ. आठवडी बाजार, जत्रा, एसटी स्टँडजवळचं दुकान, पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच माणसं. तिथं जम बसला की 'उमेद'ची प्रदर्शनं, मुंबईतलं 'महालक्ष्मी सरस'. यंत्र किंवा भांडवल हवं असेल तर 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची प्रभागसंघात आणि तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या बाईला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय त्या योजनेत होती, ती अजून चालू आहे का तेही विचारा. पण कर्ज काढायच्या आधी वही बघा. तोट्याचा माल दुप्पट केला तर तोटाही दुप्पट होतो.

यंदाच्या जत्रेत आमच्या पाकिटावर 90 छापलं होतं. संध्याकाळपर्यंत सहा पाकिटं उरली, सगळी संपली नाहीत. पण तिघींना 150 प्रमाणे मजुरी त्याच रात्री हातात मिळाली. एकीनं त्यातून मुलीला वह्या घेतल्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकच काम करा. तुमच्या एका पदार्थाचा हिशेब मजुरी धरून मांडा. काय आकडा येतो तो आम्हाला कळवा.