चमचाभर वाफ, मीटरभर सावली

सुक्या धानाच्या एका दाण्यात जेमतेम तीन मिलिग्रॅम पाणी असतं. पाण्याच्या एका थेंबाचे पंधरा भाग केले, तर त्यातला एक. दिवाळीत गोंदिया जिल्ह्यातल्या बाजारांत लक्ष्मीपूजनासाठी लाह्या-बत्ताशांची दुकानं लागतात, त्यातली प्रत्येक लाही एवढ्याशा पाण्यानं फुलवलेली असते. धान तर इथं दारात आहे. बांध्यांमधली कापणी आणि शाळांची दिवाळीची सुट्टी एकाच सुमारास येते, गोंदिया शहर राइस मिलांचं म्हणूनच ओळखलं जातं, आणि पहिली-दुसरीतल्या मुलानंही धानाचा दाणा दातांखाली फोडून पाहिलेला असतो. तरी लाही का फुटते हा प्रश्न वर्गात विचारून बघा. आधी सगळे गप्प होतात, मग एकदम सगळेच बोलायला लागतात.

दाण्यावरचं तूस म्हणजे दोन लहानशा होड्या एकमेकींत घट्ट अडकवाव्यात तशा दोन खवल्या असतात. दाणा तापलेल्या रेतीत पडला की आतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. शिटी न सोडणाऱ्या कुकरसारखा दाब चढत जातो. शंभर अंशांच्या कितीतरी पुढं गेलं, तरी पाणी आत कोंडलेलंच असतं, आणि तोवर दाण्यातलं पिठूळ स्टार्च उष्णतेनं मऊ, लवचीक झालेलं असतं. मग तूस फाटतं. दाब एका क्षणात उतरतो, वाफ चहूकडे पसरते आणि मऊ स्टार्चला ताणत, फुगवत बाहेर पडते. बाहेरची हवा लागताच ते स्टार्च थिजून कडक होतं. आपण खातो तो हा गोठलेला फेस. त्या तीन मिलिग्रॅम पाण्याची मोकळ्या हवेत वाफ झाली, तर ती चहाचा एक चमचा भरेल एवढी होते, कारण पाण्यापेक्षा वाफ सोळाशे-सतराशे पट जागा घेते. एका दाण्यात चमचाभर वाफ दडलेली असते. मक्याची लाही साधारण १८० अंश सेल्सिअसला फुटते हे फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये बारकाईनं मोजून दाखवलं. म्हणजे ज्या गोष्टीला भट्टीवरची बाई रोज हाताच्या अंदाजानं पकडते, तिच्यावर एकविसाव्या शतकातही शोधनिबंध लिहावासा वाटतो.

वर्गात दाखवायचं तर लोखंडी कढई, चाळलेली बारीक रेती आणि शेगडी पुरे. कढईजवळ फक्त गुरुजी किंवा मॅडम, मुलं खडूनं आखलेल्या रेघेमागं. गरम रेती उडते, त्यामुळे इथं ढिलाई नको. रेती चांगली तापली की तीन मुठी एकामागून एक टाकायच्या. पहिली अख्ख्या धानाची. दुसरी तूस काढलेल्या साध्या तांदळाची. तिसरी अशा धानाची, ज्याच्या प्रत्येक दाण्याचं तूस मुलांनीच आदल्या तासाला नखानं उकललं आहे. पहिली मूठ तडतडते आणि पांढरी होते. दुसरी नुसती तांबूस होऊन करपते. तिसरीतले बहुतेक दाणे गप्प बसतात, कारण वाफेला वाट आधीच सापडलेली असते. रेती कशाला, हाही प्रश्न मुलं विचारतात, आणि तो फार चांगला आहे. नुसत्या कढईवर दाणा एका बाजूनंच भाजतो. रेतीत तो चारी बाजूंनी एकदम तापतो, आणि इथं घाईच महत्त्वाची आहे. सावकाश तापवला तर वाफ हळूहळू झिरपून जाईल. शेवटी चाळणीत ओतलं की रेती खाली आणि लाह्या वर, आणि वाटीनं मोजायला मुलांची झुंबड.

आता खरी गंमत. मुरमुरे तर तूस काढलेल्या तांदळाचेच होतात. मग दुसरी मूठ का फुगली नाही? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या मिलांमध्ये आहे. मुरमुऱ्याचा तांदूळ उसना असतो. धान आधी भिजवून वाफवलेलं असतं, त्यामुळे आतलं स्टार्च शिजून, वाळून काचेसारखं टणक झालेलं असतं. अरवा, म्हणजे न वाफवलेल्या, तांदळाला वाफ अडवता येत नाही. उसन्या दाण्याचं सगळं अंगच तुसाचं काम करतं. अरवा आणि उसना हे दोन शब्द गोंदियातलं मूल घरी रोज ऐकतं. त्या दोन शब्दांमधलं अंतर कढईत डोळ्यांदेखत फुगतं, याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात मिळेल, मला सांगता येणार नाही.

सणाच्या सुट्टीत मुलांना बोलावून, समोर प्रयोग करून विज्ञान सांगायची एक थोर परंपरा लंडनमध्ये आहे. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशननं १८२५ मध्ये नाताळची व्याख्यानं सुरू केली. मायकेल फॅरडे, ज्यानं पोरवयात पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केली होती, त्यानं ती एकोणीस वेळा दिली. त्यातली सगळ्यात गाजलेली माला होती साध्या मेणबत्तीवर: आधी १८४८ मध्ये आणि मग १८६०-६१ च्या हिवाळ्यात. तिचं पुस्तक १८६१ मध्ये निघालं आणि अजूनही वाचलं जातं. विजेचा एवढा मोठा शोधक, पण मुलांसमोर उभं राहताना त्यानं प्रत्येक घरात असलेली वस्तू उचलली. आपल्याकडे ती वस्तू म्हणजे पणती.

पणतीतलं तेल जळत नाही. हे वाक्य मुलांना आधी खोटं वाटतं, म्हणून करून दाखवावं: वाटीतल्या तेलाला पेटती काडी लावली तर काडीच विझते. वात तेलाला धाग्याधाग्यातून वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वातीला लागून जो काळसर भाग दिसतो ती न जळलेली वाफ. तिथं जवळजवळ उजेडच नाही. उजेड आहे तो वरच्या पिवळ्या भागात, आणि तो कशाचा आहे हे कळायला स्टीलचा चमचा त्या पिवळ्यात क्षणभर धरायचा. चमचा काळा होतो. आजी तान्ह्या बाळासाठी दिव्यावर पितळी ताटली धरून जे काजळ पाडायची, तेच हे. ज्योतीत कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून लाल-पिवळे चमकत असतात. चमचा मध्ये आणला तर ते थंड होऊन काजळ होतात, नाही आणला तर पुढं जळून जातात. दिवाळीचा सोनेरी उजेड आणि डोळ्यातलं काळं काजळ एकच पदार्थ आहे, फक्त एक तापलेला आणि एक निवलेला. मला स्वतःला या एका गोष्टीचं नवल अजून संपलेलं नाही.

मग एक कोरडा, थंड स्टीलचा पेला ज्योतीवर थोडा उंच, उलटा धरायचा. आतून लगेच धुकं धरतं. बोट फिरवलं की ओलं लागतं. दिव्यातून पाणी! तेलातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळाला की पाणीच होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही: एक ग्रॅम तेल जळालं की जवळपास एक ग्रॅम पाणी तयार होऊन हवेत जातं. रात्रभर तेवलेल्या पणतीत दोन चमचे तेल संपलं असेल, तर खोलीत जवळपास तेवढंच पाणी आलेलं आहे. फॅरडेनंही मेणबत्तीतून असंच पाणी काढून मुलांना दाखवलं होतं. आपल्या भागात याला आणखी एक जोड देता येते. जवसाचं तेल, मोहाच्या बियांचं तेल आणि दुकानातलं तेल, अशा तीन पणत्या शेजारी शेजारी लावाव्यात. थंडीच्या सकाळी मोहाचं तेल थिजतं, आणि तेल वितळल्याशिवाय वातीवर चढत नाही हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री दंडार आणि नाटकं, पाहुण्यांची गर्दी. शाळेच्या वर्गापेक्षा हे प्रयोग मंडईत व्हावेत असं मला मनापासून वाटतं. तिथं लाह्या-मुरमुऱ्यांची दुकानं असतातच; त्यांच्या शेजारी एक टेबल आणि समजावून सांगणारी चौथीतली दोन मुलं एवढंच हवं. गोंदियाच्या पलीकडच्या मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबादच्या शाळांमध्ये गावातल्याच साहित्यानं विज्ञान शिकवायचा मोठा प्रयोग झाला. अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्यांची आणि टाकाऊतली खेळणी त्याच कामातून सुरू झाली आणि पुढं पुण्याहून देशभर पोचली. म्हणजे गावातल्या साहित्याची ही वाट शेजारीच मळलेली आहे.

होळीकडे पटकन जाऊ, कारण हे प्रयोग सोपे आहेत. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधल्या शोधाच्या स्मरणार्थ तो १९८७ पासून साजरा होतो. नेमका त्याच सुमारास इथला पळस पेटलेला असतो. फुलं गरम पाण्यात भिजवली की पिवळा-केशरी रंग उतरतो. तो तीन वाट्यांत घ्यावा, एकीत लिंबू पिळावं, एकीत चुन्याची निवळी घालावी, एक तशीच ठेवावी. लिंबानं रंग फिकट होतो, चुन्यानं गडद केशरी होतो. हळदीचं याहून नाट्यमय: हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीनं बोट फिरवलं की लाल अक्षर उमटतं. पूर्वापार हळदीपासून कुंकू करतात ते याच युक्तीनं. लिंबाचा थेंब टाकला की अक्षर पुन्हा पिवळ्यात बुडतं. चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यांना लागू देऊ नये.

आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसलो, ते. याला पैसे लागत नाहीत, आग लागत नाही, आणि हे गोंदियात अगदी नेमकं घडतं.

२२ डिसेंबरच्या सुमारास, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, सूर्य दक्षिणेकडं जास्तीत जास्त झुकलेला असतो. गोंदिया शहर विषुववृत्ताच्या साडेएकवीस अंश उत्तरेला आहे. सूर्य त्या दिवशी साडेतेवीस अंश दक्षिणेला. बेरीज पंचेचाळीस. म्हणजे भर मध्यान्ही सूर्य बरोबर अर्ध्या आभाळात, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या मधोमध. आणि त्या क्षणी एक मीटर काठीची सावली एक मीटर पडते. मुलाची सावली मुलाएवढी, झेंड्याच्या खांबाची खांबाएवढी, शाळेपुढच्या चिंचेची चिंचेएवढी. पुण्यात हे इतकं तंतोतंत होत नाही, दिल्लीतही नाही. त्या दिवशी मीटरपट्टी घेऊन शाळेतली सगळी झाडं जमिनीवर मोजता येतात, वर चढायची गरजच नाही.

घड्याळाचे बारा म्हणजे मात्र मध्यान्ह नव्हे. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि गोंदिया त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे त्या दिवशी सूर्य १२ वाजून ८ मिनिटांच्या आसपास दक्षिणोत्तर रेषेवर येतो. संक्रांतीला, १४ जानेवारीला, हीच वेळ १२ वाजून १८ मिनिटांवर सरकते आणि मीटरभर काठीची सावली ९३ सेंटिमीटर भरते. सात सेंटिमीटर आखूड! संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सावली सांगते की सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्या संथ डोलण्यानं ते एकमेकांपासून दूर गेले. तिळगूळ वाटायच्या दिवशी अंगणातली सावली मोजणारं मूल ते डोलणंच मोजत असतं.

आणि याच काठीनं पृथ्वीही मोजता येते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसनं अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून तिचा घेर काढला होता. आपला जिल्हा त्यासाठी पुरेसा लांब आहे. गोंदियाच्या दक्षिणेला, जवळजवळ त्याच रेखांशावर, अर्जुनी मोरगाव आहे. उत्तर-दक्षिण अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, अक्षांशात सुमारे पाऊण अंशाचा फरक. तिथं त्याच मध्यान्ही मीटरभर काठीची सावली अडीच सेंटिमीटरच्या आसपास कमी भरते. पूर्ण वर्तुळात असे पाऊण अंश ४८० वेळा बसतात. ४८० ला त्या अंतरानं गुणलं की चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ जाऊन पोचतो. गुणाकार सातवीतल्या ताई-दादांनी करावा, सावली धाकट्यांनी धरावी.

अडचण एकच. सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड दोनेक सेंटिमीटर पुसट असते, आणि आपल्याला मोजायचे आहेत अडीच. म्हणून काठीच्या टोकाला पुठ्ठा चिकटवून त्याला बारीक भोक पाडायचं. पुठ्ठ्याच्या सावलीत एक उजळ लंबगोल ठिपका पडतो, तो भोकाचा नसतो, सूर्याचं चित्र असतो. त्या ठिपक्याचा मध्य आणि भोकातून सोडलेल्या ओळंब्याचं टोक, यांतलं अंतर घ्यायचं. उंची म्हणजे भोकापासून जमिनीपर्यंतची, आणि जमीन सपाट हवी, पाण्याच्या पातळीनं तपासून घेतलेली. दोन्ही शाळांनी १२ वाजून ८ मिनिटांच्या पाच मिनिटं आधीपासून दर मिनिटाला खूण करावी आणि सगळ्यात आखूड अंतर फोनवर एकमेकांना सांगावं. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर पृथ्वीचा घेर नऊ-दहा हजार किलोमीटरनं फुगतो किंवा सहा-सात हजारांनी आकसतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येतं. २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे तीन-चार दिवस ही सावली दोन मिलिमीटरहून जास्त बदलत नाही.