पाळीचे काम आणि वाट पाहण्याचे मोल

सायंकाळी सातच्या सुमारास बेळगाव, वडोदरा अथवा इंदूर अशा कोणत्याही शहरातील उपाहारगृहांच्या रस्त्याने गेले, तर झाडाखाली दुचाक्या लावून हातातील फोनकडे पाहत बसलेले पाच-सहा तरुण हमखास दृष्टीस पडतात. वरवर पाहणाऱ्यास ते विश्रांती घेत आहेत असे वाटते. वास्तविक ते कामावर आलेले असतात. काम मात्र अद्याप त्यांच्यापर्यंत आलेले नसते. ॲपवरून मिळणाऱ्या पाळीच्या कामाचा मोबदला कसा ठरवावा, या प्रश्नाचे मूळ या बसून राहण्यात आहे. त्या रिकाम्या अर्ध्या तासाची किंमत कोणी सोसावयाची?

हा प्रश्न फोनाबरोबर जन्मास आलेला नाही. मुंबईच्या गोदीत जहाज केव्हा लागेल आणि त्यातून माल किती निघेल, याचा नेम नसे. त्यामुळे मालाची चढ-उतार करणारे कामगार कामाच्या आशेने येऊन उभे राहत आणि निवड झाली तरच त्यांचा रोज भरे. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला व त्याखाली १९५१ साली मुंबईसाठी योजना तयार झाली. या व्यवस्थेत नोंदलेला कामगार हजर राहूनही कामाविना परतला, तर त्याला हजेरीभत्ता मिळे. महिन्याकाठी किमान वेतनाची हमी असे. आणि कामावर बोलावूनही काम सुरूच होऊ शकले नाही, तर त्याबद्दल निराळी रक्कम देण्याची तरतूद होती. नियमांत तिला ‘डिसअपॉइंटमेंट मनी’ असेच नाव होते. यामुळे जहाजाची अनिश्चितता नाहीशी झाली नाही. परंतु तिचा भार एकट्या कामगाराच्या खांद्यावरून उतरून साऱ्या व्यवसायावर वाटला गेला.

आजच्या दररचनेची पारखही याच कसोटीवर करता येते. दराचे मूळ प्रकार दोन: एक खेपेमागे, दुसरा ताशी. समजा, चार तासांची पाळी आहे आणि खेपेमागे ४० रुपये मिळतात. गर्दीच्या दिवशी १० खेपा झाल्या तर ४०० रुपये होतात. मंद दिवशी चारच खेपा झाल्या तर १६०. खेपेमागे १० रुपयांचे पेट्रोल वजा केले, की पहिल्या दिवशी ताशी ७५ रुपये हाती राहतात आणि दुसऱ्या दिवशी अवघे ३०. माणूस तोच, त्याने दिलेले तासही तेवढेच. फरक पडला तो गिऱ्हाइकांच्या इच्छेने. उलटपक्षी, केवळ ताशी दर ठेवला तर मंदीचा सारा भार कंपनीवर येतो, आणि झटून काम करणाऱ्यास अधिक काही मिळत नाही.

म्हणून दोहोंचा मेळ घालणे श्रेयस्कर ठरते. ताशी ४० रुपये आणि त्यावर खेपेमागे २० रुपये असा दर ठेवून पाहावा. गर्दीच्या दिवशी ३६० रुपये होतील, मंद दिवशी २४०. पेट्रोल वजा जाता ताशी प्राप्ती अनुक्रमे ६५ आणि ५० रुपये राहील. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दर दोन गर्दीच्या दिवसांमागे एक मंद दिवस येत असेल, तर त्या तीन दिवसांचा कंपनीचा खर्च जुन्या रीतीने ९६० रुपये आणि नव्या रीतीनेही ९६० रुपयेच होतो. स्थैर्य देण्यास प्रत्येक वेळी अधिक पैसा लागतो असे नव्हे. पुष्कळदा तोच पैसा निराळ्या रीतीने वाटावा लागतो.

हमीचा हिशेब मात्र पाळीगणिक व्हावयास हवा. तो आठवड्याच्या सरासरीने केला, तर रविवारच्या घामातून मंगळवारचे रिकामपण भरून निघते. म्हणजे वाट पाहण्याची किंमत कामगार स्वतःच्याच कष्टातून फेडतो. रात्रपाळी, मुसळधार पाऊस, दिवाळी अशा वेळी जादा दर अवश्य असावा. परंतु तो पाळी सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावा आणि मध्येच खाली येऊ नये. ऐनवेळी पाळी रद्द केल्यास तिच्या मोबदल्याचा काही अंश देणे, ही गोदीतील जुनी तरतूदच होय.

बक्षिसाच्या रचनेत तर जिवाचाच प्रश्न येतो. दिवसात २० खेपा केल्यास ३०० रुपये आणि १९ केल्यास काहीच नाही, असा नियम असला, की विसाव्या खेपेचे मोल एकाएकी अनेकपट होते. मग तो तरुण भर पावसात लाल दिवा ओलांडतो. हेच ३०० रुपये अकराव्या ते विसाव्या खेपेवर प्रत्येकी ३० रुपये असे विभागले, तर हुरूप टिकतो आणि जीवघेणी घाई टळते.

अन्य देशांतही वाद आहे तो याच रिकाम्या वेळाचा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०२० साली मतदारांनी मान्य केलेल्या कायद्याने किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी दिली. तथापि काम स्वीकारल्यापासून ते पुरे होईपर्यंतचाच वेळ त्यात धरला. न्यूयॉर्क शहराने अन्न पोहोचविणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून ताशी १७.९६ डॉलरचा दर लागू केला. एप्रिल २०२५ मध्ये तो २१.४४ डॉलर झाला. येथे कामाची वाट पाहण्याचा वेळही दराच्या हिशेबात आला. त्याची दुसरी बाजूही दिसून आली: कंपन्यांनी एका वेळी किती जणांनी ॲपवर यावे यावर मर्यादा घातल्या. हवे तेव्हा कामावर येण्याची मोकळीक आणि आल्यानंतर मोबदल्याची खात्री, या दोन्ही पूर्णांशाने एकत्र नांदत नाहीत. दररचना म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय.

भारतात नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा अंदाज दिला. बेळगाव ज्या राज्यात आहे, त्या कर्नाटकाने २०२५ साली यासाठी कायदा केला. कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के इतके शुल्क कंपनीकडून घेऊन कल्याणनिधी उभारण्याची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यातही मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेण्याची पद्धत आहे. हा विचार त्याच्याच जवळचा. कराराच्या अटी बदलण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना देण्याचे बंधनही कर्नाटकाच्या कायद्यात आहे. आजारपण आणि अपघात यांची तजवीज अशा निधीतून होऊ शकते. परंतु रोजच्या पाळीचा दर कसा असावा, हे त्याने ठरत नाही.

तेव्हा कोणताही दरफलक हाती आला, की खेपेमागील मोठा आकडा आधी वाचू नये. काम न आल्यास काय मिळेल, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्यात प्रथम शोधावे. झाडाखाली बसलेला तो तरुण फोनकडे पाहत असतो, तेव्हा गिऱ्हाइकाचे जेवण वेळेवर पोहोचावे याची तयारी तो करीत असतो. त्या तयारीला मोल आहे. आणि जो तिचा लाभ घेतो, त्याने ते द्यावे हेच न्याय्य होय.