निरोप सुटला, पण वाडीवर पोचला का?

पाचगणीच्या टेबललँडवरून उघडीप असताना खाली धोम धरणाचे पाणी आणि वाईकडचा मुलूख दिसतो. पावसाळ्यात मात्र धुक्यामुळे हातभर पुढचे दिसत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत खालच्या लोकांना वरची खबर हवी असते. डोंगराच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस ओढ्यांनी उतरून धोमला जमतो. तेथून कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करीत सांगलीला जाते. निरोपालाही हाच पल्ला गाठायचा असतो. पाण्याच्या आधी पोचला तर तो इशारा, मागून पोचला तर नुसती बातमी.

हा निरोप सुरू कोठून होतो? पर्जन्यमापकापासून. पाचगणी हे महाबळेश्वर तालुक्यातील एक महसूल मंडल. 'महावेध' प्रकल्पात मंडलवार स्वयंचलित हवामान केंद्रे आली आणि दर दहा मिनिटांनी नोंद वर जाऊ लागली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की मंडलात अतिवृष्टी धरतात, म्हणून पंचनाम्याच्या दिवसांत शेतकरी या आकड्यावर डोळा ठेवून असतो. म्हणजे खालून वर जाणारा निरोप आता झपाट्याने जातो. धरणाची पातळी, घाटातला पाऊस, पुलाखालचे पाणी, सारे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जमा होते. तेथून तहसील, तेथून तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. (२०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे आहे. गावात अजून 'भाऊसाहेब' हेच नाव चालते.) अडते ते त्यापुढे. चावडीपासून शेवटच्या वाडीपर्यंत.

क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना, निरोपाच्या प्रवासाचा आराखडा मांडला. सांगणारा, सांगण्याचे यंत्र, मधली वाट, घेणारे यंत्र आणि शेवटी ऐकणारा. मधल्या वाटेवर गोंगाट मिसळतो आणि निरोप बिघडतो. गोंगाटावर त्याने दाखविलेला उपाय असा, की निरोपात थोडी जादा भर घालावी, म्हणजे काही भाग गळाला तरी उरलेल्यावरून मूळ निरोप जुळविता येतो. आपल्या दवंडीवाल्याला हे गणित न शिकता ठाऊक होते. आधी हलगी, मग 'ऐका हो ऐका', मग निरोप, आणि पुढच्या आळीत पुन्हा तोच. हलगीत मजकूर काही नसतो. तिचे काम एवढेच की हातातले काम थांबावे आणि कान इकडे वळावा. २०२३ साली सरकारने मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते. कित्येकांना वाटले फोन बिघडला. ती नव्या जमान्याची हलगीच होती. या पद्धतीत नंबरांची यादी लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या, ही सोय असलेल्या चालू फोनांवर इशारा एकाच वेळी उमटतो. पण टॉवरच बंद पडला तर? घाटात वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो, आणि बॅटरीला मर्यादा असते.

तरीही वाट मोकळी असून निरोप वाया जातो, तो भाषेमुळे. "धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." हे वाक्य दर पावसाळ्यात येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर. हिशेब बरोबर, पण त्यावरून गोठ्यात पाणी येणार की नाही हे कसे कळावे? सांगलीकरांनी यावर आपला तोडगा काढून ठेवला आहे. ते क्युसेक बोलत नाहीत, फूट बोलतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते हे काठावरच्या माणसाला पाठ असते. "आयर्विनला अडतीस झालं," एवढ्या तीन शब्दांवर बायका सामान माळ्यावर चढवायला घेतात. निरोप छोटा असून चालतो, कारण अर्थ आधीच ठरलेला आहे. पन्हाळ्याहून विशाळगडी महाराज पोचल्याची खूण म्हणून झालेल्या तोफांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तोफ बोलली ती आधी ठरले होते म्हणून. एरवी तो नुसता आवाज.

मात्र याच फुटांनी एकदा घातही केला. २००५ च्या पुरात आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले होते. त्यानंतर 'पाच सालचा पूर' ही लोकांच्या मनातली शेवटची रेघ झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इशारे येत होते तेव्हा, "पाच साली आमच्या दारात आलं नव्हतं, आता कुठलं येतंय," म्हणून पुष्कळ जण थांबले. पाणी ५७ फुटांपुढे गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली आणि त्यात अनेकांचा बळी गेला. शॅननचा गोंगाट तारेत होता. हा गोंगाट ऐकणाऱ्याच्या आठवणीत असतो आणि तो काढणे जास्त अवघड.

डोंगराची तऱ्हा आणखी वेगळी. नदीला निदान फूटपट्टी आहे, दरडीला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. २२ जुलैच्या रात्री वाई तालुक्यातील देवरुखवाडी आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. रेड अलर्ट जिल्ह्याला असतो, फार तर घाटमाथ्याला. कोणत्या वाडीवरचा कडा सुटणार हे त्यातून समजत नाही. ते वाडीनेच वाचायचे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, घराच्या भिंतीला किंवा वरच्या बांधाला नवी भेग पडणे, झाड वा खांब कलणे ही त्याची अक्षरे. येथे सांगणारा डोंगर आहे आणि ऐकणारे आपण. त्यामुळे हा निरोप खालून वर, वाडीकडून तहसीलकडे, गेला पाहिजे. आपल्या यंत्रणेची सवय मात्र वरून खाली सांगण्याची.

गावातल्या गावात सांगायला ग्रामसुरक्षा यंत्रणा ही सोय सातारा, पुणे यांसह काही जिल्ह्यांत सुरू झाली. टोल फ्री नंबरवर नोंदणी केलेल्या माणसाने फोन करून आपल्याच आवाजात निरोप सांगायचा. गावातील नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर तो कॉल म्हणून जातो. साधा फोन असला तरी चालतो आणि वाचता येण्याची गरज नाही. चोर, बिबट्या, आग, पूर, कशासाठीही. बोलताना आधी आपले नाव आणि गाव, मग काय झाले, कोठे झाले आणि लोकांनी काय करायचे. 'लवकर या' एवढेच ओरडले तर पन्नास माणसे पन्नास दिशांना धावतात.

पण याही यंत्रणेत एक गोष्ट माणसालाच करावी लागते, ती म्हणजे पोच घेणे. पूर्वी समन्सवर सही घेतल्याशिवाय कोतवाल माघारी फिरत नसे. आता ग्रुपवर निरोप टाकला, निळ्या खुणा दिसल्या, की काम झाले असे समजतात. निळी खूण म्हणजे उघडून पाहिले, एवढेच. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीचा एक माणूस ठरवावा. त्याने घरोघर सांगून 'आमची एवढी घरं निघाली' असे उलट कळवावे. आकडा आला नाही तर निरोप पोचलाच नाही असे धरून भाऊसाहेबांनी दुसरी वाट धरावी. मग ती दुचाकी असो, देवळाचा भोंगा असो की शाळेची घंटा.

नंबरांची यादीही याच वेळी तपासून घेतलेली बरी. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडची निम्मी तरणी पोरे मुंबईला. यादीत नंबर त्यांचा आणि घरात म्हातारी एकटी. मध्यरात्री निरोप वाजतो तो घणसोलीच्या खोलीत. तिथून पोरगा शेजारच्या चुलत्याला फोन लावतो आणि चुलता बॅटरी घेऊन आईच्या दाराची कडी वाजवतो. म्हणून नोंदणी करताना पोराच्या नंबराबरोबर त्या चुलत्याचाही नंबर लिहून घ्यावा.