पिळातून उमटलेले चुंबकत्व

पेन्सिलीतले ग्राफाइट चुंबकाकडे ओढले जात नाही. उलट अगदी हलक्या जोराने दूर ढकलले जाते. त्यात निव्वळ कार्बन असतो, लोखंड किंवा निकेलचा मागमूस नाही. तरीही २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन यांच्या गटाला कार्बनच्याच दोन थरांमध्ये लोहचुंबकत्वाच्या खुणा दिसल्या. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही नमुन्याला त्याची दिशा आठवत होती. हा गट चुंबकत्वाच्या शोधात नव्हताच.

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला. असे दोन पापुद्रे एकमेकांवर किंचित तिरके ठेवले, तर मच्छरदाणीचे दोन पदर सरकल्यावर दिसतात तशी मोठी नक्षी तयार होते. कोन १.१ अंश असला, तर ही नक्षी दर १३ नॅनोमीटरला पुन्हा येते, म्हणजे ग्राफीनच्या स्वतःच्या जाळीपेक्षा पन्नासपट अंतराने. नक्षीच्या एकेका घरात सुमारे ११ हजार अणू मावतात.

२०११ मध्ये टेक्सास विद्यापीठातील रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी गणित मांडले, की नेमक्या याच कोनाच्या आसपास इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. एरवी ग्राफीनमध्ये ते सेकंदाला हजारभर किलोमीटर धावतात. वेग संपला, की एकमेकांना दूर लोटण्याची त्यांची ओढ वरचढ ठरते. प्रयोगाचा पुरावा २०१८ मध्ये एमआयटीतून आला. पाब्लो हारिलो-हेरेरो आणि त्यांचा विद्यार्थी युआन काओ यांना १.७ केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे विनारोध वाहणारी वीज, मिळाली. इतका बारीक कोन साधायचा कसा? एकच पापुद्रा फाडायचा, अर्धा फिरवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर टेकवायचा. दोन्ही तुकडे मुळात एकाच दिशेचे असल्याने जितके फिरवले तितकाच कोन. भौतिकशास्त्रातली इतकी सोपी आणि इतकी हुशार युक्ती मला दुसरी आठवत नाही.

चुंबकत्वाचे गूढ मात्र याहून खोल आहे. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या स्पिन या अंगभूत गुणधर्मातून येते. इथे ते इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यातूनच उमटते. ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांचे दोन गट पडतात आणि त्यांचे घुमणे परस्परविरोधी असते. दोन्ही गट सारखे भरलेले असले, की बेरीज शून्य. पण संथ झालेल्या इलेक्ट्रॉनांनी उपलब्ध जागांपैकी तीन चतुर्थांश भरल्या, तर आपसांतली ढकलाढकली टाळण्यासाठी ते एका गटात जास्त गोळा होतात. मग एका दिशेचे घुमणे शिल्लक राहते, आणि तेच चुंबकत्व. स्टॅनफर्डच्या नमुन्यात ग्राफीनला खालून-वरून झाकणाऱ्या बोरॉन नायट्राइडच्या थरांपैकी एक ग्राफीनशी जवळपास समांतर बसला होता. त्याने दोन गटांमधला तोल बिघडवायला मदत केली, असे आज मानले जाते.

स्टॅनफर्डच्या शोधाच्या पुढच्याच वर्षी सांता बार्बरा येथील अँड्रिया यंग यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत हॉल रोध, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला रोध, कोणत्याही बाह्य क्षेत्राविना प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनभाराचा वर्ग या मूल्यावर, म्हणजे सुमारे २५,८१३ ओहमवर, ०.१ टक्क्याच्या आत स्थिरावलेला आढळला. एका नॅनोअँपिअरइतक्या क्षीण प्रवाहाने या चुंबकाची दिशा उलटवताही आली. मला स्वतःला अतिसंवाहकतेपेक्षा हा निकाल अधिक विलक्षण वाटतो.

मुळातच चुंबकीय असलेले थर पिळले तर निराळाच प्रकार. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकेरी थर ४५ केल्विनखाली चुंबक बनतो. दोन थरांची चुंबकदिशा एकमेकींना साथ देते की विरोध करते, हे अणू कसे रचले आहेत यावर ठरते. २०२१ मध्ये पिळलेल्या थरांत एकाच नमुन्यात दोन्ही प्रकारचे भाग शेजारी शेजारी आढळले.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट दुहेरी ग्राफीनची जोडी पिळून, म्हणजे एकूण चार थर घेऊन, ग्राफीनमधल्या अशाच संथ इलेक्ट्रॉनांचा अभ्यास करतो. विद्युत क्षेत्र बदलून त्यांच्या ऊर्जापट्ट्यांचे रूप कसे पालटते, हे या गटाच्या २०२२ च्या निबंधात आहे.

उपयोगाच्या बातम्यांमध्ये संगणकाच्या स्मृतीपासून सगळे काही येते. त्यावर आत्ताच विसंबू नये. एक तर सारे काही निरपेक्ष शून्याजवळच घडते. दुसरे म्हणजे, २०२० मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील एली झेल्डोव्ह यांच्या गटाने नमुन्यांचे नकाशे काढले, तेव्हा एकाच तुकड्यात कोन जागोजागी बदलताना दिसला. म्हणून तीन प्रयोगशाळांनी १.१ अंश साधल्याचे सांगितले, तरी एकीला अतिसंवाहकता मिळते, दुसरीला चुंबकत्व, आणि तिसरीच्या हाती काहीच लागत नाही.