लहान सागरी मत्स्यालयासाठी वेगाने पसरणाऱ्या प्रवाळांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी, खडक आणि जिवंत प्रवाळ ठेवण्याचा छंद युरोप व अमेरिकेत आज चांगलाच रुजला आहे. त्याचा एक महत्त्वाचा आरंभ मात्र आशियातला आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात लेख लिहून असे दाखविले की, समुद्रातून आणलेला सजीवयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवरही टाकीत प्रवाळ जगू शकतात. पुढे १९८० च्या दशकात बर्लिनमधील हौशी अभ्यासकांनी या विचाराला प्रखर प्रकाशाची आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये फेसावाटे काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. एलईडी दिवे आल्यानंतर ४० ते ६० लिटरची छोटी टाकीही घराच्या कोपऱ्यात बसविणे शक्य झाले.

अशा छोट्या टाकीसाठी नवख्याला सहसा 'लवकर पसरणारे' प्रवाळ सुचविले जातात. ते चिवट असतात, पाण्यातील बऱ्यावाईट बदलांना तोंड देतात आणि थोड्याच महिन्यांत उघडा खडक झाकून टाकतात. हा सल्ला चुकीचा नाही. पण अपुरा आहे. प्रवाळ किती वेगाने पसरतो यापेक्षा तो कोणत्या रीतीने पसरतो, हा प्रश्न लहान टाकीत अधिक निर्णायक ठरतो, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे 'प्रवाळ' हा शब्द छंदाच्या व्यवहारातील सैल अर्थाने घेतला आहे. त्यात चुन्याचा सांगाडा बांधणारे कठीण प्रवाळ, आठ स्पर्शके असणारे मृदू प्रवाळ, तसेच झोअँथिड आणि छत्रीच्या आकाराचे कोरॅलिमॉर्फ हेही येतात. वर्गीकरणशास्त्रज्ञाला ही सरमिसळ खटकेल. तथापि नवख्याच्या टाकीत जे प्रवाळ वेगाने पसरतात ते बहुतांशी कठीण प्रवाळ नसतातच, हे ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे.

पसरण्याच्या रीती

हे सारे प्राणी अलैंगिक प्रजननाने वाढतात. परंतु त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

पहिली तऱ्हा हरळीची. ब्रायरियम गटातील, 'हिरवे तारे' या अर्थाच्या नावाने विकले जाणारे मृदू प्रवाळ जांभळ्या रंगाचा चिवट पापुद्रा पसरवीत पुढे सरकतात व त्या पापुद्र्यातून नवे पॉलिप उगवतात. बांधावरची हरळी जशी वरून खुरपली तरी पुन्हा फुटते, तसाच हा पापुद्राही. खडकाच्या भेगेत शिरलेला त्याचा अंश निघता निघत नाही. मात्र त्याचा मार्ग सलग पृष्ठभागाचाच असतो. म्हणून त्याला वाळूने वेढलेल्या स्वतंत्र दगडावर किंवा टाकीच्या मागच्या काचेवर जागा दिली, तर तो बराच काळ मर्यादेत राहतो आणि हिरवळीसारखा सुंदर दिसतो. झोअँथिडही पायथ्यापासून मुकुलनाने वाढतात. त्यांचा वेग कमी असल्याने छाटणी सोपी जाते.

दुसरी तऱ्हा पानफुटीची म्हणता येईल. डिस्कोसोमा व रोडॅक्टिस हे कोरॅलिमॉर्फ हळूहळू जागा बदलतात आणि जाताना पायाचा छोटासा तुकडा मागे सोडतात. त्या तुकड्यातून पूर्ण प्राणी तयार होतो. त्यांना मंद प्रकाश व संथ प्रवाह चालतो, म्हणून टाकीचा तळ त्यांना योग्य. पण खरवडून काढताना राहिलेला कणही नव्या प्राण्याला जन्म देतो. म्हणजे निष्काळजीपणे केलेली साफसफाई हीच लागवड ठरते. केनिया ट्री या नावाने ओळखला जाणारा कॅप्नेला तर आपल्या शेंड्यांचे तुकडे आपणहून गाळतो. ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कोठेही रुजतात. अशा प्रवाळाला स्वतंत्र दगड देऊनही काही साधत नाही.

तिसरी तऱ्हा झेनियाची, आणि ती सर्वांत मोहक आहे. झेनिया व त्याच्या जवळच्या काही प्रजातींचे पॉलिप मुठीप्रमाणे सतत उघडझाप करतात. तांबड्या समुद्रातील हेटरोझेनिया या प्रवाळावर इस्रायली संशोधकांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. या हालचालीमुळे ऊतींतील जादा ऑक्सिजन बाहेर पडतो व सहजीवी शैवालांचे प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनी वाढते, असे त्यात आढळले. ही ऊर्जा झेनिया विभाजनासाठी वापरतो. तो खडकावरून सरकतो, काचेवर चढतो, शेजाऱ्यांना सावलीत टाकतो. नवखे लोक सर्वप्रथम भाळतात तेही नेमके झेनियावरच.

लहान टाकीतील रसायन

शेजारी एकमेकांना भिडले की दुसरा प्रश्न उभा राहतो. जुडिथ लँग यांनी १९७० च्या दशकात जमैकातील प्रवाळांवर काम करून दाखविले की, कठीण प्रवाळ आपल्या पचनतंतूंनी शेजाऱ्याच्या ऊती अक्षरशः पचवतात. मृदू प्रवाळांचे शस्त्र बहुधा रासायनिक असते. ऑस्ट्रेलियात सामार्को, कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मृदू प्रवाळांच्या परिसरातील कठीण प्रवाळांवर होणारा असाच विपरीत परिणाम नोंदविला. सिन्युलेरिया आणि सार्कोफायटन यांसारखे प्रवाळ टर्पीन वर्गातील द्रव्ये स्रवतात. समुद्रात ती पाहता पाहता विरून जातात. ५० लिटरच्या बंद टाकीत मात्र तेच पाणी फिरत राहते आणि प्रत्यक्ष स्पर्श नसतानाही शेजारी कोमेजतो. सक्रिय कोळशाची चाळणी व नियमित पाणीबदल यांनी हे सौम्य होते, नाहीसे होत नाही.

यावरून निवडीचा क्रम बराचसा ठरतो. छोट्या टाकीत वेगाने पसरणारा एकच प्रकार मुख्य ठेवावा. पापुद्र्याने वाढणारा असल्यास उत्तम. तळाशी एखाद्या सुट्या दगडावर डिस्कोसोमा आणि मध्यावर झोअँथिड चालतील. झेनिया ठेवायचाच असेल तर टाकी त्याचीच, असे गृहीत धरावे. पाणी अतिशुद्ध करण्याचा अट्टहासही नको. या प्रवाळांना थोडे नायट्रेट व फॉस्फेट लागते. ते शून्यावर आले की झोअँथिड मिटून राहतात. अॅक्रोपोरासारखे शाखायुक्त कठीण प्रवाळही वेगाने वाढतात, पण त्यांना कॅल्शियम व क्षारता यांचा अखंड पुरवठा लागतो आणि थोड्या पाण्यात तो समतोल पटकन ढळतो.

विष आणि विल्हेवाट

झोअँथिडांविषयी एक सावधगिरी विक्रेते क्वचितच सांगतात. हवाई बेटांतील माउईवरच्या हाना येथील पॅलिथोआ या झोअँथिडापासून मूर व शॉयर यांनी १९७१ साली पॅलिटॉक्सिन वेगळे केले. ज्ञात नैसर्गिक विषांपैकी ते अत्यंत जहाल मानले जाते व त्यावर खात्रीचा उतारा नाही. प्रत्येक झोअँथिडात ते असतेच असे नाही, पण नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. नको असलेले झोअँथिड काढण्यासाठी खडक उकळणे किंवा कोरड्यावर ब्रशने घासणे, या दोन्ही कृतींत विष हवेत मिसळते. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकीच्या साफसफाईत विषबाधा होऊन घरातील माणसांबरोबर मदतीस आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. हातमोजे, चष्मा आणि पाण्याखालीच छाटणी, ही पथ्ये पाळावीत.

छाटलेल्या भागाची विल्हेवाट हा केवळ घरापुरता प्रश्न नाही. मूळ हिंद-प्रशांत प्रदेशातला युनोमिया हा झेनियाच्या कुळातील प्रवाळ व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पसरून तेथील स्थानिक प्रवाळ व सागरी गवत झाकून टाकत आहे, आणि तो मत्स्यालयांच्या व्यापारातून तेथे पोहोचला असे मानले जाते. छाटलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवावेत किंवा गोठवावेत. खाडीत वा समुद्रात टाकू नयेत.

भारतातील मर्यादा

भारतीय वाचकापुढे या सर्वांच्या आधी कायदा येतो. २००१ साली खडकबांधणी करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. ते गोळा करणे, त्यांचा व्यापार करणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, मग तो वाळलेला सांगाडा का असेना. पाश्चात्त्य पुस्तकांत सहजपणे सुचविलेला प्रवाळांच्या सांगाड्यांचा 'जिवंत खडक' त्यामुळे येथे गैर ठरतो. त्याऐवजी मातीचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक वापरता येतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथील प्रवाळ व त्यापलीकडे खोल समुद्रातील आंग्रिया बँकेचे प्रवाळ पाहण्यासाठी आहेत, प्रयोगशाळेच्या टाकीत आणण्यासाठी नव्हेत. झोअँथिड व कोरॅलिमॉर्फ यांची नावे वरील यादीत नाहीत. तरीही प्राणिशास्त्र विभागाने अशी टाकी उभारण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याचा उगम लेखी मागावा, आणि वन विभागाकडून खात्री झाल्याशिवाय खरेदी करू नये.