मेंदूच्या लहरींतून अक्षर
आमच्या वडील बंधूंची वाचा पक्षाघाताने गेली, तेव्हा त्यांचे मनोगत ओळखण्यात आम्ही घरचे सारे हरलो. म्हणून हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो. मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरी जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम नोंदविल्या. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात फारवेल या विद्यार्थ्याने प्राध्यापक डॉन्चिन यांच्यासह १९८८ साली त्यांवरून अक्षरे लिहविली. पडद्यावरील ३६ चिन्हांच्या ओळी व स्तंभ आलटूनपालटून उजळतात. मनातील अक्षर उजळले की सुमारे एक तृतीयांश सेकंदाने मेंदूत विशिष्ट लहर उमटते. परंतु ती इतर लहरींत बुडालेली! एका मुठीवरून पोत्याची पारख होत नाही, तद्वत् पुनःपुन्हा उजळवून सरासरी काढावी लागते. मिनिटास जेमतेम दोन अक्षरे. बंधूंस तेवढीही पुरली असती.