टिपेश्वरचा वाघ आणि फोटोवरची सफाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना एकमेकांकडून सल्ले मिळतात: शटर 1/1000 ठेवा, सावली उजळा, आडवं आलेलं गवत पुसून टाका. पहिले दोन योग्यच, तिसरा घातक. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरूनच अभ्यासक त्याला ओळखतात. 2019 मध्ये टिपेश्वरचा तरुण वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, हे रेडिओ कॉलरमुळे कळलं. कॉलर नसलेल्या वाघांची ओळख मुख्यतः फोटोतल्या पट्ट्यांवरून पटते. गवत पुसलं की सॉफ्टवेअर तिथे मनाचे पट्टे भरतं. संपादन ही कला आहे, असं कोणी म्हणेल. आहेच, पण प्रकाश सुधारणं वेगळं, वाघाचं अंग बदलणं वेगळं. म्हणून मूळ फाइल जपा.